जुना एक्सपी कॉम्प्युटर बंद पडण्याआधी : आख्खी डिस्क एका फाईलमध्ये घेऊन नव्या लॅपटॉपवर कशी चालवायची

वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंत किनाऱ्यालगतच्या कुठल्याही गावात डीटीपीच्या दुकानात किंवा छोट्या छापखान्यात शिरा, कोपऱ्यात विंडोज एक्सपीचा एक जुना कॉम्प्युटर अजून चालू दिसेल. त्यावर पेजमेकर हे पानं रचायचं जुनं सॉफ्टवेअर असतं, जुने मराठी फॉन्ट असतात. वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, आंब्याच्या पेट्यांची लेबलं, जत्रेची हँडबिलं, पावतीपुस्तकांचे साचे, सगळं त्यातच असतं. नवा लॅपटॉप घ्यायला मालकाची ना नसते. पण नव्या विंडोजवर त्यातलं काही धड उघडत नाही, म्हणून जुनं धूड रेटत राहायचं.

माझं म्हणणं एवढंच : त्या धुडाला वाचवत बसू नका, त्यातली डिस्क वाचवा. तुमचं काम, फॉन्ट, बसवलेली सॉफ्टवेअर, त्यांची सेटिंग्ज हे सगळं डिस्कवर आहे. ती डिस्क जशीच्या तशी एका फाईलमध्ये उतरवली, की ती फाईल नव्या लॅपटॉपवर एका खिडकीत तोच जुना एक्सपी म्हणून सुरू होते. डेस्कटॉपवरची चिन्हंसुद्धा जागच्या जागी असतात. यासाठी लागणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

घाई का करायची, ते कॅबिनेट उघडलं की कळतं. स्क्रूच्या डोक्यावर बोट फिरवलं तर तांबूस भुकटी लागते. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात मळकट झालेले असतात. ते खोडरबराने घासून परत बसवले की मशीन काही दिवस चालतं, मग पुन्हा नुसताच पंखा फिरतो आणि पडदा काळा राहतो. हवेतलं मीठ, ३,००० मिलिमीटरच्या वर जाणारा पाऊस आणि पावसाळाभर वरखाली होणारं व्होल्टेज यांपुढे वीस वर्षांचा मदरबोर्ड किती टिकणार? म्हणून आंब्याचा हंगाम आटोपला की मृग लागायच्या आधी हे काम उरकून घ्यावं.

इमेज म्हणजे नेमकं काय

फायली पेनड्राईव्हवर कॉपी करणं वेगळं आणि इमेज घेणं वेगळं. ४० जीबीच्या डिस्कवर ५१२ बाइटचे साधारण ७ कोटी ८० लाख कप्पे असतात. इमेज घेताना पहिल्या कप्प्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे कप्पे ओळीने एका फाईलमध्ये लिहिले जातात. विंडोज सुरू करणारा पहिला कप्पा, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही), लपवलेल्या फायली, रिकामी जागा, सगळं त्यात येतं. नुसता सातबाऱ्याचा उतारा नव्हे, बांधबंदिस्तीसकट आख्खी जमीनच उचलून आणल्यासारखं ते आहे.

ही फाईल चालवायला व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर लागतं. ते लॅपटॉपच्या आत एक कल्पित कॉम्प्युटर उभा करतं आणि त्याला ही फाईल हार्ड डिस्क म्हणून देतं. आतल्या एक्सपीला त्याचा पत्ताही लागत नाही. विंडोजवर काम करणाऱ्यांना मी व्हर्च्युअलबॉक्स सुचवतो. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टिम वापरणाऱ्यांना क्यूईएमयू, केव्हीएम आणि त्यांच्यावर चालणारं व्हर्ट-मॅनेजर ही जोडी उत्तम. क्यूईएमयू २००३ साली फाब्रिस बेलार्ड यांनी सुरू केलं आणि केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, त्यामुळे दोन्ही चांगली मुरलेली आहेत. पुढच्या पायऱ्या व्हर्च्युअलबॉक्सच्या आहेत. व्हर्ट-मॅनेजरमध्ये नावं वेगळी दिसली तरी तत्त्व तेच.

लॅपटॉप चालेल का, हे आधी बघा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू या पानावर ‘व्हर्च्युअलायझेशन : एनेबल्ड’ असं दिसायला हवं. ‘डिसेबल्ड’ असेल तर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, जाऊन ते सुरू करा. तिथे इंटेलवर व्हीटी-एक्स आणि एएमडीवर एसव्हीएम अशा नावाने ते सापडतं. ८ जीबी रॅम असली म्हणजे पुरे, कारण एक्सपीची भूक फार लहान आहे.

जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवर करायची कामं

ही पायरी लोक गाळतात आणि नंतर अडकतात. जुनं मशीन सुरू होतंय तोवर मोबाईलने फोटो काढून ठेवा : कॅबिनेटवरचं विंडोजचं स्टिकर, डिव्हाइस मॅनेजरमधली प्रत्येक शाखा उघडून, आणि प्रोग्रॅम फाइल्सचं फोल्डर. लॉगिनचा पासवर्ड कुणाला ठाऊक आहे तेही विचारून घ्या. डिस्कवरचं काहीही पुसू नका.

मागच्या बाजूला कुठलं लॉक लावलंय का, तेही पाहा. जुन्या भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरबरोबर बऱ्याचदा हार्डवेअर लॉक यायचं, ज्याला आपल्याकडे डोंगल म्हणतात. यूएसबीचं असेल तर ते व्हर्च्युअल मशीनला जोडून बघता येतं. प्रिंटरच्या रुंद पॅरलल पोर्टात बसणारं असेल तर वाट बिकट आहे, कारण नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. अशा वेळी सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडे यूएसबीचं लॉक बदलून मिळेल का ते आधी विचारा, पुढचं सगळं त्यावर ठरेल.

आता या खटाटोपातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मदरबोर्डवरचा जो भाग डिस्क हाताळतो तो डिस्क कंट्रोलर, आणि तो चालवणारं छोटं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर. एक्सपी ज्या कंट्रोलरवर बसवला गेला, सुरू होताना त्याचाच ड्रायव्हर वापरतो. व्हर्च्युअलबॉक्स त्याला इंटेलचा जुना पीआयआयएक्स४ कंट्रोलर दाखवतो. तुमचा मदरबोर्ड इंटेल चिपसेटचा असेल तर बहुतेक वेळा निभतं. व्हिया किंवा एसआयएस चिपसेटचा असेल, आणि आपल्याकडच्या जोडून घेतलेल्या स्वस्त मशीनमध्ये हे भरपूर असायचे, तर एक्सपी निळ्या पडद्यावर ०x७बी (0x7B) हा आकडा दाखवून थांबतो. त्याचा अर्थ, सुरू व्हायची डिस्क त्याला सापडली नाही.

यावरचा उपाय डिस्क काढण्याआधीच करायचा असतो. डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘आयडीई एटीए/एटीएपीआय कंट्रोलर्स’ ही शाखा पसरवा आणि त्यातल्या मुख्य कंट्रोलरवर राइट क्लिक करून ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडा. इंटरनेटवर शोधू नका म्हणा, यादीतून मीच निवडतो म्हणा, आणि ‘स्टँडर्ड ड्युअल चॅनेल पीसीआय आयडीई कंट्रोलर’ घ्या. तो रीस्टार्ट मागेल. त्या वेळी ‘नो’ म्हणून थेट शटडाउन करा आणि डिस्क काढा. हा सर्वसाधारण ड्रायव्हर खऱ्या मदरबोर्डावरही चालतो आणि व्हर्च्युअल मशीनमध्येही.

डिस्कवरून फाईल उतरवणं

डिस्क रुंद पट्टीच्या केबलची, ४० पिनांची असेल तर ती आयडीई, अरुंद केबलची असेल तर साटा. दोन्हींसाठी यूएसबीला जोडणारं ॲडॅप्टर मिळतं. ते वेगळ्या वीजपुरवठ्याचं घ्या, साडेतीन इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर फिरत नाही. आयडीई डिस्कच्या मागचा जंपर, म्हणजे पिनांवरची छोटी टोपी, ‘मास्टर’वर ठेवा.

ती डिस्क चालू विंडोज लॅपटॉपला थेट जोडू नका. एक तर विंडोज ‘फॉरमॅट करायची का?’ असं विचारू शकतं आणि घाईत एक चुकीचं क्लिक पुरतं. दुसरं म्हणजे त्या काळात पेनड्राईव्हमधून आलेले व्हायरस त्या डिस्कवर अजून बसलेले असतात. त्यापेक्षा पेनड्राईव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू घ्या आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. काहीही इन्स्टॉल करायचं नाही, ‘ट्राय’ म्हणायचं. लॅपटॉपमधल्या विंडोजला धक्का लागत नाही.

आता जुनी डिस्क आणि एक मोठी बाहेरची डिस्क, दोन्ही जोडा. बाहेरची डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली हवी. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसतच नाही, आणि आपली फाईल आख्ख्या डिस्कएवढी होणार आहे. मेन्यूतून ‘डिस्क्स’ नावाचं सॉफ्टवेअर उघडा. डावीकडे जुनी डिस्क तिच्या क्षमतेवरून आणि कंपनीच्या नावावरून ओळखा आणि दोनदा खात्री करा. तिचे भाग आपोआप उघडले गेले असतील तर चौकोनी बटण दाबून ‘अनमाउंट’ करा. मग वरच्या तीन ठिपक्यांच्या मेन्यूत आधी ‘स्मार्ट डेटा’, म्हणजे डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, बघा. यूएसबी ॲडॅप्टरमुळे तो कधी दिसत नाही. दिसला आणि ‘रीॲलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरचे (बिघडलेल्या कप्प्यांचे) आकडे शून्याच्या बरेच वर असले, तर डिस्क थकली आहे असं समजा.

डिस्क धड असेल तर त्याच मेन्यूतून ‘क्रिएट डिस्क इमेज’ निवडा, जागा म्हणून बाहेरची डिस्क द्या आणि सुरू करा. मेन्यू वरचाच हवा, म्हणजे पूर्ण डिस्कची इमेज होते. खालच्या दातेरी चाकाच्या मेन्यूतून एकाच भागाची इमेज होते आणि तिच्यातून विंडोज सुरू होत नाही. यूएसबी २ वर सेकंदाला ३० एमबीचा वेग धरला तर ४० जीबीला २०–२५ मिनिटं लागतात, ८० जीबीला पाऊण तास.

थकलेल्या डिस्कसाठी हा मार्ग घेऊ नका. तिच्यासाठी डीडीरेस्क्यू (ddrescue) नावाची आज्ञा आहे, ती पेनड्राईव्हवरून सुरू केलेल्या लिनक्समध्येच उतरवून घेता येते. ती आधी सहज वाचता येणारे भाग घेते आणि अडणाऱ्या जागांकडे नंतर वळते. कुठवर वाचून झालं याची नोंद ती एका मॅप फाईलमध्ये ठेवत जाते. ही फाईल बाहेरच्या डिस्कवर ठेवली तर मध्येच लाईट गेली तरी काम होतं तिथून पुढे सुरू होतं. आपल्याकडे हे फार उपयोगाचं आहे. पण डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तिला वीजच देऊ नका. त्यात मोलाचं काही असेल तर ती डेटा रिकव्हरीवाल्याकडे जाऊ द्या.

तयार झालेली .आयएमजी फाईल ही मूळ प्रत. तिला ‘रीड ओन्ली’ करा आणि तिच्यावर कधीही काम करू नका. यापुढचं सगळं तिच्या नकलेवर.

फाईलमधून एक्सपी उभा करणं

लॅपटॉप पुन्हा विंडोजमध्ये सुरू करून व्हर्च्युअलबॉक्स बसवा. व्हर्ट-मॅनेजरवाल्यांना इमेजची नक्कल तशीच वापरता येते, व्हर्च्युअलबॉक्ससाठी मात्र ती व्हीडीआय प्रकारात बदलावी लागते. त्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये व्हर्च्युअलबॉक्सच्या फोल्डरात जा, ‘व्हीबॉक्समॅनेज’ (VBoxManage) ही आज्ञा लिहा, पुढे ‘कन्व्हर्टफ्रॉमरॉ’ (convertfromraw) हा सलग शब्द, मग जुन्या फाईलचा पूर्ण मार्ग आणि शेवटी नव्या फाईलचा. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर मार्ग अवतरणचिन्हांत टाका. नवी फाईल लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर बनवा, बाहेरच्या डिस्कवरून चालवलेला एक्सपी रेंगाळतो.

मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘न्यू’. प्रकार मायक्रोसॉफ्ट विंडोज, आवृत्ती ‘विंडोज एक्सपी, ३२ बिट’. आयएसओची (विंडोजच्या सीडीच्या फाईलची) जागा रिकामी सोडा. मेमरी १,०२४ एमबी, प्रोसेसर एक. ईएफआयची खूण काढलेली हवी. हार्ड डिस्कच्या पानावर नवी न बनवता ‘यूज ॲन एक्झिस्टिंग’ म्हणून आपली व्हीडीआय फाईल दाखवा. नंतर सेटिंग्जमध्ये जाऊन स्टोअरेज बघा : डिस्क आयडीई कंट्रोलरखाली हवी, साटाखाली नको, कारण एक्सपीत साटाच्या नव्या पद्धतीचा ड्रायव्हर मुळात नाही. यूएसबी २.० वर ठेवा, ३.० चा ड्रायव्हरही एक्सपीकडे नाही. आणि नेटवर्कच्या पानावर ‘केबल कनेक्टेड’ची खूण काढा.

सुरू करण्याआधी एक स्नॅपशॉट घ्या. पुढे काही बिघडलं तर एका क्लिकवर या क्षणाला परत येता येतं.

पहिल्या वेळी एक्सपी गोंधळतो, कारण मदरबोर्डपासून डिस्प्ले कार्डापर्यंत सगळं त्याला नवं असतं. ‘नवं हार्डवेअर सापडलं’ अशा खिडक्या एकामागून एक येतात, त्या रद्द करत चला. नुसताच काळा पडदा येऊन थांबलं आणि मूळ मशीन दोन कोअरचं किंवा हायपर-थ्रेडिंगचं असेल, तर सेटिंग्जमध्ये सिस्टिमच्या पानावर ‘आय/ओ ॲपिक’ सुरू करून बघा. तरीही ०x७बीच येत असेल तर जुनी डिस्क परत जुन्या मशीनला लावून कंट्रोलरची पायरी नीट करा आणि इमेज नव्याने घ्या. ते झटपट होतं, रजिस्ट्रीत हात घालत बसण्यापेक्षा कितीतरी बरं.

डेस्कटॉप दिसला की ‘डिव्हाइसेस’ मेन्यूतून गेस्ट ॲडिशन्सची सीडी घाला आणि बसवा. माऊस आतबाहेर मोकळा फिरू लागतो, पडदा खिडकीच्या मापाचा होतो. तोवर माऊस आत अडकला तर उजवीकडची कंट्रोल की दाबायची.

एक्सपी फार सुस्त वाटला तर खिडकीच्या खालच्या पट्टीत उजवीकडे बघा. तिथे हिरवं कासव दिसलं, तर विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय, हायपर-व्ही, आधीच चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला आडवाटेने चालावं लागतंय. ‘विंडोज फीचर्स’मधून हायपर-व्ही आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म बंद केलं की बहुतेक वेळा वेग येतो. ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद करूनही कासव जातं, पण ती लॅपटॉपची सुरक्षा आहे. पेजमेकर चालण्याइतका वेग मिळत असेल तर ती चालूच राहू द्या.

हार्डवेअर बदललं म्हणून एक्सपी पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकतो. बॉक्समध्ये वेगळा विकत घेतलेला परवाना दुसरीकडे हलवता येतो. कॅबिनेटवर स्टिकर असलेला ओईएम परवाना, म्हणजे मशीनबरोबरच आलेला, मात्र त्या मशीनशी बांधलेला असतो. कुठला आहे ते फोटोवरून ठरवा आणि त्याप्रमाणे वागा.

इंटरनेट जोडायचं नाही

यावर मी हटून बसतो. मायक्रोसॉफ्टने एक्सपीला सुरक्षा देणं ८ एप्रिल २०१४ ला थांबवलं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तशा मोजक्या वेळी अपवाद म्हणून दुरुस्त्या दिल्या, तेवढंच. पत्रिका रचायला इंटरनेट लागत नाही. मेल, व्हॉट्सॲप, बँक सगळं बाहेरच्या लॅपटॉपवर करा आणि आतली केबल कायम काढलेली ठेवा.

फायलींची ने-आण ‘शेअर्ड फोल्डर’मधून होते. लॅपटॉपवर फक्त याच कामासाठी एक रिकामं फोल्डर करा आणि ते आत दाखवा, आख्खा ‘डी ड्राईव्ह’ देऊन बसू नका. आतला व्हायरस बाहेर येण्याची वाटही तीच असते.

फॉन्ट आणि छपाई

इथे लोकांची सगळ्यात जास्त निराशा होते. आतल्या पेजमेकरमधून मराठी मजकूर कॉपी करून बाहेरच्या वर्डमध्ये चिकटवला तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. इमेज बिघडलेली नसते. ते जुने फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या पद्धतीचे आहेत. रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून फॉन्ट बदलला की खालचं रोमन उघडं पडतं. मजकूर पुन्हा टाईप करायचा नसेल तर त्या त्या फॉन्टसाठी युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर वापरा. जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, घसरतात ती तिथेच. पत्रिकेत आजोबांचं नाव चुकलं तर लोक वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

नुसतं छापायचं असेल तर पीडीएफ करा. एक्सपीत एखादा पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर जोडा आणि त्याचा पोर्ट ‘फाईल’ ठेवा. छापा म्हटलं की फाईल तयार होईल, ती शेअर्ड फोल्डरमधून बाहेर आणून घोस्टस्क्रिप्ट या सॉफ्टवेअरने पीडीएफ करा. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये फॉन्ट आतच घालण्याचा पर्याय निवडलेला असला की आकार आहे तसे येतात. हीच पीडीएफ ऑफसेटवाल्यालाही चालते. पॅरलल पोर्टाचा डॉट मॅट्रिक्स यात जोडायच्या फंदात पडू नका.

लाईट, पूर आणि प्रती

चालू व्हर्च्युअल मशीनची वीज अचानक गेली तर आख्खी व्हीडीआय फाईल बिघडू शकते. लॅपटॉपची बॅटरी ठीक असेल तर प्रश्न नाही. डेस्कटॉपवर चालवत असाल तर यूपीएस हवाच. आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला.

खरी प्रत म्हणजे ‘एक्सपोर्ट अप्लायन्स’ करून मिळणारी ओव्हीए फाईल. एक्सपी पूर्ण शटडाउन करून ती बनवा आणि मूळ .आयएमजीबरोबर दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. दोन्ही एकाच दुकानात नकोत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानांतलं सगळंच एकदम पाण्याखाली गेलं. एक प्रत दुकानात वर फळीवर, दुसरी घरी किंवा पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाकडे. डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या दर पावसाळ्याआधी बदला.

जुनी खरी डिस्क लगेच भंगारात देऊ नका. एक पूर्ण हंगाम, म्हणजे लग्नसराई आणि आंब्याची लेबलं दोन्ही, नव्या मशीनवरून निभावून न्या. तेवढ्यात काही राहिलंय का ते कळतं. आणि ती ओव्हीए एकदा दुसऱ्याच कुणाच्या तरी लॅपटॉपवर ‘इम्पोर्ट’ करून, आतली एखादी जुनी पत्रिका उघडून बघा.